उतारवयात सोबत शोधताना

वाचन: रूथ, अध्याय ३ व ४



पती किंवा पत्नी देवाघरी गेल्यावर मागे राहिलेल्या माणसाने उतारवयात पुन्हा सोबत शोधावी का, आणि शोधायची असेल तर फसगत न होता कशी शोधावी, हा या रविवारच्या पाठाचा विषय आहे. विषय वाचून काही जण हसतील. साठीत कसलं लग्न, असे म्हणतील. हसण्याआधी आपल्याच भागातल्या घरांकडे पाहा. मुले नोकरीसाठी पुण्याला, पिंपरी-चिंचवडला, नाही तर मुंबईला. मळ्यातल्या घरात आजी एकटी किंवा आजोबा एकटे. दिवस शेतात, गाईगुरांत निघून जातो. दिवेलागण झाली की उसातल्या बिबट्याच्या भीतीने दार लावून घ्यायचे, आणि मग सकाळपर्यंत बोलायला कोणी नाही. सोबतीला टीव्ही आणि मुलाने घेऊन दिलेला मोबाईल. हल्ली त्या मोबाईलवर बऱ्याच गोष्टी सुरू होतात, चांगल्याही आणि वाईटही.

पाठ मोठा आहे, पण त्यात धरून ठेवायची गोष्ट एकच आहे. सोबत हवीशी वाटणे हे पाप नाही आणि लाजिरवाणेही नाही. धोका असतो तो ती गोष्ट लपविण्यात. जो लाजेपोटी लपवतो तो एकटा पडतो, आणि फसविणाऱ्याला एकटा माणूसच हवा असतो.

बवाज वेशीत जाऊन बसला

रूथची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे, पण बहुधा सासू-सुनेच्या मायेची गोष्ट म्हणून. आज ती बवाजच्या बाजूने वाचा. बवाज तरुण नव्हता. तिसऱ्या अध्यायाच्या दहाव्या वचनात तो रूथचे कौतुक करतो ते याच कारणासाठी, की ती तरुणांच्या मागे गेली नाही. रूथ विधवा, परक्या मवाब देशातली, हाती काही नसलेली. नामी म्हातारी, तीही विधवा. नामीच्या नवऱ्याच्या शेताचा प्रश्न लोंबकळत पडलेला. वय, वैधव्य, परका मुलूख आणि जमीन, म्हणजे आजही घराघरात भांडण लावणारा सगळा मामला तिथे एकत्र आला आहे.

सातूच्या सुगीत रूथ रात्री खळ्यावर येते आणि लग्नाची गोष्ट काढते. बवाज होकार देतो, पण लगेच काही उरकून टाकत नाही. आपल्याला गैरसोयीची असलेली गोष्ट तो स्वतःहून सांगतो: माझ्याहून जवळचा एक नातेवाईक आहे, हक्क आधी त्याचा. हे त्याने सांगितले नसते तर परक्या देशातून आलेल्या रूथला ते कदाचित कळलेही नसते. मग लोक ओळखू येण्याइतके उजाडायच्या आत तो तिला घरी पाठवतो, आणि तिच्या पदरात सातू मोजून घालतो. इथे कोणी म्हणेल की हेही लपविणेच झाले. तसे नाही. तिची अब्रू जपण्यासाठी त्याने रात्रीची चर्चा होऊ दिली नाही, पण लग्नाची गोष्ट त्याने दुपारपर्यंतही लपवून ठेवली नाही. तो वेशीत जाऊन बसला, गावातल्या दहा वडीलधाऱ्यांना बोलावून बसविले, त्या जवळच्या नातेवाइकाला समोर घेतले, आणि शेताचा व अर्थात लग्नाचाही निवाडा साक्षीदारांपुढे करून घेतला. त्या नातेवाइकाने माघार घेतली ती का, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्या वतनाला धक्का बसेल, असे तो म्हणाला. म्हणजे वारसांची काळजी तेव्हाही होतीच, आणि ती उघडपणे बोलून दाखवली गेली.

पुढे त्यांना ओबेद झाला. नामीने त्याला मांडीवर घेतले. तो दावीद राजाचा आजोबा, आणि मत्तयच्या शुभवर्तमानातील वंशावळीत रूथचे नाव आपल्या प्रभूच्या पूर्वजांत आले आहे.

चर्च काय म्हणते

माणसाने एकटे असणे बरे नाही, हे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात स्वतः परमेश्वर म्हणतो, आणि तोबितच्या ग्रंथात लग्नाच्या रात्रीची प्रार्थना करताना तोबियाने तेच शब्द आठवले आहेत. जोडीदाराच्या मृत्यूने विवाहाचे बंधन संपते, हे संत पौलाने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात त्याने विधवेला प्रभूमध्ये राहून पुन्हा लग्न करण्याची मोकळीकही दिली.

तरीही पहिल्या काही शतकांत दुसऱ्या लग्नाकडे नाक मुरडणारे ख्रिस्ती होते. नोवाशियन पंथाची मंडळी स्वतःला शुद्ध म्हणवीत आणि पुनर्विवाह केलेल्यांच्या पंक्तीला बसत नसत. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या महासभेने, म्हणजे ज्या सभेने आपल्याला आपला विश्वासाचा अंगीकार दिला तिनेच, आठव्या नियमात ठरवले की या मंडळींना चर्चमध्ये परत यायचे असेल तर दोनदा लग्न केलेल्यांशी सहभागिता ठेवू, असे त्यांनी लेखी द्यावे. सतराशे वर्षांपूर्वी हा प्रश्न निकाली निघाला आहे. आपल्या वाडीत मात्र तो अजून निघायचा आहे.

संत थॉमस मूर यांची पहिली पत्नी १५११ साली वारली तेव्हा घरात चार लहान मुले होती. त्यांनी फार दिवस न जाऊ देता ॲलिस नावाच्या, वयाने आपल्याहून मोठ्या विधवेशी लग्न केले. चर्चने त्यांना संत म्हणून गौरवले, दुसरे लग्न त्याच्या आड आले नाही.

उतारवयात मूलबाळ होणार नाही, मग लग्नाला अर्थ काय, असाही एक प्रश्न नेहमी येतो. १९८३ च्या चर्चच्या कायद्यातील १०८४ वा नियम स्पष्ट सांगतो की मूल न होणे हे विवाहाला आडकाठी ठरत नाही. पती-पत्नींचे परस्परांचे कल्याण हा विवाहाचा मूळ हेतूंपैकीच एक आहे, आणि सत्तरीतल्या जोडप्याचा विवाह संस्कार पंचविशीतल्या जोडप्याइतकाच पूर्ण असतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेच करिंथकरांचे पत्र पुढच्याच वचनात म्हणते की विधवा आहे तशी राहिली तर पौलाच्या मते ती अधिक सुखी. लूकच्या शुभवर्तमानातील हन्ना सात वर्षांच्या संसारानंतर विधवा झाली आणि म्हातारपणापर्यंत मंदिरात प्रार्थनेत राहिली. ज्याला किंवा जिला दिवंगत जोडीदाराच्या आठवणीत, नातवंडांत, प्रार्थनेत समाधान आहे, त्यांच्यामागे लग्नाचा लकडा कोणी लावू नये. कित्येकांना नवरा-बायको नको असते, फक्त बोलायला माणूस हवे असते. रविवारच्या मिस्सानंतर घटकाभर बसणे, आठवड्यातून एकदा एकमेकांच्या घरी रोझरी म्हणणे, मतमाऊलीच्या यात्रेला हरेगावला एकत्र जाणे, यानेही बरेच भागते.

एक गोष्ट मात्र खुपते. विधुराला महिन्याची मिस्सा होण्याआधी स्थळे सुचवली जातात, आणि विधवेला दहा वर्षे झाली तरी कोणी विचारत नाही. ज्या महाराष्ट्रात बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख मांडले, पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन काढले, आणि त्याच सदनातल्या विधवा गोदूबाईंशी १८९३ साली विवाह केल्याबद्दल धोंडो केशव कर्वे यांना आपल्या गावचा बहिष्कार सोसावा लागला, तिथे आपण ख्रिस्ती लोकांनी तरी या बाबतीत मागे राहू नये.

पुण्यातला आणि अहमदाबादचा अनुभव

हा प्रश्न केवळ आपल्या धर्मग्रामाचा नाही. २००१ च्या कच्छच्या भूकंपात अनेकांचे जोडीदार गेले. त्यांचे एकटेपण पाहून अहमदाबादच्या नटूभाई पटेल यांनी ज्येष्ठांचे वधू-वर मेळावे भरवायला सुरुवात केली. आपल्या पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली ज्येष्ठांसाठी लिव्ह इन रिलेशनशिप मंडळ काढले. वृद्धाश्रम चालविताना म्हाताऱ्या माणसांचे एकटेपण त्यांनी जवळून पाहिले होते. अशा ठिकाणी एक गोष्ट चांगली घडते. चार लोकांच्या देखत, उजेडात, ओळख होते, आणि पैसा, आजार, घर, मुले यांविषयी आधी बोलणे होते.

मग लग्न का नाही, नुसते एकत्र राहणे का? त्याला कारणे आहेत आणि ती खोटी नाहीत. मुले मालमत्तेच्या भीतीने लग्नाला विरोध करतात. पेन्शनचाही प्रश्न असतो. प्रॉव्हिडंट फंडाच्या १९९५ च्या योजनेत विधवेला मिळणारे पेन्शन तिने पुनर्विवाह केला की थांबते. इतर पेन्शनचे नियम वेगवेगळे आहेत, म्हणून आपला कागद लग्न ठरविण्याआधी त्या त्या ऑफिसात दाखवून घ्यावा.

कॅथलिक माणसाला मात्र विवाहाशिवाय एकत्र संसार करण्याची वाट चर्च मोकळी करून देत नाही, वय कितीही असो. काही जण विचारतात, फक्त चर्चमध्ये लग्न लावून सरकारला कळवलेच नाही तर? तसे होत नाही. धर्मगुरूंनी लावलेले लग्न आपल्या देशाच्या कायद्यानेही लग्नच असते, आणि त्यानंतर विधवा म्हणून पेन्शन उचलणे ही फसवणूक ठरते. पेन्शन गेल्यावर दोघांचे भागणार नसेल तर ती अडचण फादरांपुढे आणि मुलांपुढे आधी मांडावी. मुलांनी महिन्याला ठराविक रक्कम द्यायचे कबूल केले तर मार्ग निघू शकतो. नाही निघाला तर लग्न न करता चांगली मैत्री ठेवावी, ज्याने त्याने आपापल्या घरी राहावे. हे ऐकायला कडक वाटते, आणि ज्याच्यावर वेळ येते त्याला ते कठीण जाते, हे आम्ही जाणतो.

मोबाईलवरचा जोडीदार

आता धोक्याकडे वळू. फसवणुकीचा एक प्रकार इतक्या वेळा वर्तमानपत्रात येऊन गेला आहे की त्याच्या पायऱ्या पाठ व्हाव्यात.

समजा, एका विधवा बाईंना फेसबुकवर किंवा लग्न जुळविणाऱ्या साईटवर एका गृहस्थाचा निरोप येतो. फोटो देखणा. परदेशात डॉक्टर नाही तर जहाजावर इंजिनिअर, बायको वारलेली, एक लहान मुलगी. ख्रिस्ती बाई आहेत हे पाहून तो रोज सकाळी बायबलचे वचन पाठवतो. महिनाभर गोड बोलणे. व्हिडिओ कॉलचे नाव काढले की कॅमेरा बिघडलेला किंवा नेटवर्क नाही. आपल्याविषयी इतक्यात कोणाला सांगू नका, लोक जळतात, असे तो हळूच सुचवतो. मग एक दिवस कळवतो की तुमच्यासाठी सोन्याचे दागिने आणि पौंड पार्सलने पाठवले आहेत. दोन दिवसांनी कस्टममधून बोलतो असे सांगणाऱ्या बाईचा फोन येतो. पार्सल सोडवायला पस्तीस हजार भरा. भरले की दंड, दंडानंतर परवाना, परवान्यानंतर आयकर. प्रत्येक वेळी हे शेवटचे. बाई आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून पुढचे भरतात, आणि ठेव मोडून झाली की दोन्ही नंबर बंद. पार्सल कधी नव्हतेच. कस्टमचे अधिकारी कोणाच्या खासगी खात्यावर पैसे भरायला फोनवरून सांगत नाहीत.

पुरुषांना वेगळ्या जाळ्यात ओढतात. अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, ती पलीकडे लाज सोडून वागते, आणि इकडच्या माणसाचा चेहरा त्या चित्रासह टिपला जातो. मग हे तुमच्या मुलांना, गावाला, चर्चला पाठवू, अशी धमकी आणि पैशांची मागणी. पाठोपाठ पोलीस असल्याचे सांगणारा फोन. इथे पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. फोन बंद करावा, एक रुपयाही देऊ नये आणि त्याच दिवशी घरच्या कोणाला तरी सांगावे. मुलगा रागावेल, दोन दिवस बोलणार नाही. तेवढे सोसावे. बदनामीच्या भीतीने जिवाचे बरेवाईट करण्यापर्यंत माणसे गेली आहेत, म्हणून मुलांनाही विनंती आहे की बापाने असे काही सांगितले तर आधी त्याच्याजवळ बसा, रागवायचे ते नंतर.

तिसरा प्रकार मोबाईलशिवायचा. मध्यस्थ स्थळ आणतो, आपले कमिशन आधी घेतो, देवळात नाही तर कोर्टाच्या आवारात घाईने लग्न उरकतो, आणि आठवड्याभरात नवी बायको दागिने घेऊन पसार होते. ज्याने घाई केली त्याच्याविषयी शंका घ्यावी, मग तो कितीही ओळखीचा असो.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. इथे वेळेला फार महत्त्व आहे. रक्कम चोरांच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरण्याआधी कळले तर बँकेत ती गोठवता येते, आणि लाजेत घालवलेले दोन दिवस चोराच्या उपयोगी पडतात. बँकेचा मेसेज, समोरच्याचा नंबर, बोलण्याचे फोटो पुसू नयेत, तोच पुरावा असतो. ज्येष्ठांना सल्ला किंवा आधार हवा असेल तर १४५६७ हा मोफत क्रमांकही आहे.

पहिली भेट आणि पुढच्या भेटी

ओळख मोबाईलवर झाली म्हणून ती खोटीच असते असे नाही. ती प्रत्यक्षात उतरवून पाहावी. पैशांची कोणतीही गोष्ट निघण्याआधी व्हिडिओवर चेहरा पाहावा आणि मग भेटावे. पहिली भेट दिवसा, माणसांच्या वर्दळीत. नारायणगावच्या एखाद्या हॉटेलात चहाला बसता येते, चर्चच्या आवारात मिस्सानंतर बोलता येते. घरी बोलावू नये, त्यांच्या घरीही एकट्याने जाऊ नये. जाताना कोठे, कोणाला भेटायला चाललो हे एका तरी माणसाला सांगून जावे, आणि परतीच्या एसटीची वेळ बघून ठेवावी म्हणजे गाडीतून सोडतो या आग्रहाला बळी पडावे लागत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बहीण, मुलगी किंवा मैत्रीण सोबत न्यावी. जो माणूस तुमच्या माणसांना भेटायला टाळाटाळ करतो त्याच्याशी ओळख वाढवू नये. उलट आपणही त्यांच्या गावी जाऊन यावे, त्यांच्या शेजाऱ्यांशी, तिथल्या फादरांशी बोलावे. हे अविश्वासाचे लक्षण समजू नका. आपल्या मुलीसाठी स्थळ पाहताना आपण चार गावे पालथी घालतो आणि पाण्यापर्यंत चौकशी करतो, मग स्वतःसाठी का नाही? बेन सिराच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की मित्र जोडायचा तर आधी पारखून घ्यावा आणि विश्वास टाकायची घाई करू नये.

उसने पैसे, एटीएम कार्ड, ओटीपी, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा, यातले काहीही लग्नाआधी देऊ नये. आजार मात्र लपवू नये. साखर, रक्तदाब, हृदयाचे ऑपरेशन, कानाने कमी ऐकू येणे, हे सगळे आधी सांगावे. कर्ज असेल तर तेही. चर्चच्या कायद्याचा १०९८ वा नियम असा आहे की समोरच्याची संमती मिळावी म्हणून, सहजीवन मुळापासून बिघडवील अशी एखादी बाब कपटाने लपवली असेल, तर तो विवाह वैधच होत नाही.

धर्मग्रामाच्या ऑफिसातले कागद

पुष्कळांना फादर लग्नाआधी इतके कागद का मागतात याचा वैताग येतो. हे कागद म्हणजे आपलेच कुंपण आहे. बाप्तिस्म्याचा दाखला ताजा, बहुधा सहा महिन्यांच्या आतला, मागतात. कारण असे की चर्चमध्ये लग्न झाले की त्याची नोंद जिथे बाप्तिस्मा झाला त्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वहीत कळवून करून घ्यावी लागते. कपाटात ठेवलेल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या दाखल्यावर ती नोंद नसते, नव्याने काढलेल्या दाखल्यावर येते. एखादा माणूस स्वतःला विधुर म्हणवतो आणि बायको तिकडे सोलापूरला जिवंत आहे, हे या एका कागदाने उघडे पडू शकते. रजिस्टर ऑफिसात झालेले लग्न मात्र या वहीत येईलच असे नाही, म्हणून दाखल्याबरोबर दिवंगत जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला, दोघांना ओळखणाऱ्यांची साक्ष आणि चर्चमधल्या घोषणा या गोष्टीही ठेवल्या आहेत. बवाजच्या वेशीतले दहा वडीलधारे म्हणजे आजच्या घोषणा. आता या वयात नाव वाचून कशाला दाखवता, असे फादरांना सांगू नका.

समोरच्याचा घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा कागद पुरेसा नाही. पहिला विवाह अवैध होता असा निर्णय धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाकडून आलेला हवा. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली आहे, तेव्हा जुन्या ऐकीव गोष्टींवर निराश होऊ नये, फादरांना विचारावे. समोरची व्यक्ती दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीची असेल तर बिशपांची परवानगी लागते, आणि बाप्तिस्मा न झालेली असेल तर विशेष सूट.

मुले आणि जमीन

खरे भांडण इथे असते, म्हणून जरा सावकाश वाचा.

आपण ख्रिस्ती असल्याने आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्याचे कलम ६९ फार थोड्यांना ठाऊक असते. लग्न केले की त्याआधी केलेले मृत्युपत्र आपोआप रद्द होते. समजा, एका आजोबांनी तीन एकर जमीन आणि घर दोन मुलांच्या नावे मृत्युपत्रात लिहून ठेवले आणि नंतर पुनर्विवाह केला. ते मृत्युपत्र लग्नाच्या दिवशी संपले. नवे न करता आजोबा वारले तर कायद्याप्रमाणे एक तृतीयांश नव्या पत्नीला आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांत समान. या हिशोबात पत्नीला एक एकर आणि प्रत्येक मुलाला एक एकर. विधवेने पुनर्विवाह केला आणि ती आधी गेली तर तिच्या मालमत्तेत नव्या पतीचा हक्कही असाच असतो.

म्हणजे मुलांची भीती अगदीच निराधार नाही. पण तिच्यावर उपाय आहे, आणि तो आईबापाचे लग्न मोडणे हा नाही. लग्न झाल्यावर, आधी नव्हे, नवे मृत्युपत्र करावे. त्यात मुलांना काय, नव्या जोडीदाराला काय, हे स्पष्ट लिहावे. जमीन मुलांना आणि पत्नीला हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क व ठराविक ठेव, अशीही वाटणी करता येते. सही दोन साक्षीदारांसमोर करावी आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, कारण तसे केले तर त्याला लिहून दिलेले त्याच्या हाती लागत नाही. बँकेतले आणि पोस्टातले नॉमिनी कोण आहेत तेही त्याच आठवड्यात तपासावे. वकिलाची फी वाचवू नये.

याच्या उलट चूकही होते. लग्नाला होकार हवा तर आधी सातबारा आमच्या नावावर करा, असे मुले म्हणतात आणि बाप बक्षीसपत्र करून मोकळा होतो. मग लग्नही नाही आणि घरही नाही. बेन सिराच्या तेहतिसाव्या अध्यायात याचा इशारा आहे: जिवंत असेपर्यंत मुलगा, पत्नी, भाऊ, मित्र यांपैकी कोणालाही आपल्यावर सत्ता देऊ नये, मालमत्ता देऊन टाकून नंतर परत मागायची वेळ येऊ देऊ नये, वाटणी शेवटच्या दिवशी करावी. हा सल्ला मुलांच्या बाबतीत आहे तसाच नव्या जोडीदाराच्याही बाबतीत आहे. द्यायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट त्या दस्तातच लिहून घ्यावी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अट घालून दिलेली मालमत्ता घेऊन सांभाळ केला नाही तर तो दस्त रद्द करून मागता येतो. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. जुन्नर-आंबेगावचे प्रांत कार्यालय मंचरला आहे.

मुलांना सांगायचे कधी? लग्न ठरल्यावर नव्हे, ओळख वाढू लागल्यावर. त्यांना वेळ लागतो. आईच्या फोटोला हार घातलेल्या खोलीत दुसरी बाई वावरणार, हे मुलीला लगेच पचणार नाही, आणि तिने तसे म्हटले म्हणून ती जमिनीची लोभी ठरत नाही. फोटो तिथेच राहू द्यावा. दिवंगत जोडीदाराच्या पुण्यतिथीची मिस्सा नव्या जोडीदाराने बरोबर येऊन ऐकावी. मुले ऐकतच नसतील तर घरात वाद वाढविण्याऐवजी फादरांना किंवा दोन्ही बाजूंनी मानलेल्या एखाद्या वडीलधाऱ्याला मध्ये घ्यावे. पण शेवटी संमती त्या दोघांची. मुलांची परवानगी नसेल तर विवाह होऊ शकत नाही, असे ना चर्चचा कायदा म्हणतो ना देशाचा. आणि मुलांनी धाकदपटशाने लग्न लावून दिले, म्हातारीची सोय होईल म्हणून, तर तेही चालत नाही. धाकाने दिलेली संमती चर्च संमती मानत नाही.

समूहाच्या बैठकीत बोलण्यासाठी

रूथचा चौथा अध्याय मोठ्याने वाचा. त्या जवळच्या नातेवाइकाने आपली अडचण उघड सांगितली, तशी आपल्या घरातली मुले सांगू शकतात का? आपल्या वाडीत एकटे राहणारे कोण कोण आहेत, आणि त्यांच्या दाराशी संध्याकाळी शेवटचे कोण गेले होते? आपल्यापैकी कोणी मोबाईलवर फसले तर ते इथे बसलेल्यांपैकी कोणाला सर्वांत आधी सांगतील?